क्रीटमध्ये राहिलेलं पाणी

दुसरं घर घ्यायचं ठरलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, "कुठे?" मी म्हणाले, "जिथे एकही मराठी माणूस नाही तिथे." तो हसला. त्याला वाटलं, मी गंमत करतेय.

आम्ही मॅसॅच्युसेट्समधल्या श्रूजबरीला राहतो. इथे आपली माणसं इतकी आहेत की इंडियन ग्रोसरीत कढीपत्ता निवडेपर्यंत चार ओळखीचे भेटतात. मंडळी वाईट मुळीच नाहीत. आजारपणात डबे आणून देतात, बर्फात गाडी रुतली की फावडं घेऊन धावतात. पण पॉटलकला कुणी नवीन भेटलं की पहिला साबुदाणा वडा संपायच्या आत तो प्रश्न येतोच. "तुम्ही मूळचे कुठले?" नागपूरचे. "नागपुरात कुठे?" मी वस्ती सांगते. मग जरा थांबून, हसून, "आडनावावरून काही कळलं नाही हो!" इथपर्यंत आलं की मी वड्याकडे बघत बसते.

आम्ही नागपूरचे बौद्ध. यात लपवण्यासारखं काही नाही आणि मी कधी लपवलेलंही नाही. पण समोरचा माणूस आपल्याला कुठल्या खणात ठेवायचं ते शोधतोय आणि तो खण आपणच त्याला उघडून द्यायचा, याचा मला मनस्वी कंटाळा आला आहे. माझा स्वभावही तिखट. नवरा म्हणतो, तुझ्यापेक्षा सावजीचा रस्सा परवडला.

आमच्या हॉलमध्ये बुद्धाची मोठी मूर्ती आहे. अमेरिकेत बुद्ध बागकामाच्या दुकानात कुंड्यांच्या शेजारी मिळतो, त्यामुळे घरी आलेल्यांची फार पंचाईत होते. ही श्रद्धा समजायची की सजावट? "सुंदर आहे हं, कुठून घेतली?" असं विचारून ते अंदाज घेतात. मी त्यांना दुकानाचा पत्ता देते.

तर आम्ही दोघं रिटायर झालो, नवऱ्याचे गुडघे न्यू इंग्लंडच्या थंडीला वैतागले, आणि हिवाळ्यापुरतं कुठेतरी उन्हात राहावं असं वाटायला लागलं. फ्लोरिडाला निम्मी श्रूजबरी जाते, म्हणून फ्लोरिडा बाद. जर्सी सिटीत राहणारी मुलगी म्हणाली, "मॉम, नॉर्मल पीपल केप कॉडला घर घेतात." तेवढ्यात नवऱ्याला आमचा पिझ्झावाला आठवला. हा मूळचा ग्रीक गृहस्थ. शेजारच्या वूस्टरमध्ये त्याचं पिझ्झाचं दुकान होतं आणि दर शुक्रवारी आमची ऑर्डर तिथली असे. म्हातारपणी तो दुकान विकून आपल्या बेटावर, क्रीटला परत गेला आणि तिथे परदेशी लोकांना जुनी घरं दाखवायचं काम करू लागला. अधूनमधून तो नवऱ्याला घरांचे फोटो पाठवायचा. नवरा ते फोटो चहाबरोबर बघायचा, इतकंच.

एका फोटोत खिडकी होती. दगडी भिंत इतकी जाड की खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर एक मांजर आडवं झोपलेलं, आणि तरी शेजारी एक कुंडी ठेवायला जागा. मला त्या कट्ट्यावर बसायचं होतं. असं एखादं खूळ डोक्यात शिरलं की माझं काही चालत नाही. एप्रिलमध्ये आम्ही गेलो.

गाव डोंगराच्या कुशीत होतं, समुद्रापासून बरंच वर. घर दोन खोल्यांचं. मागे अंगण, अंगणात मातीची भट्टी, आणि दाराची किल्ली आमटीच्या पळीएवढी. मालकीणबाई ऐंशीच्या पुढच्या, नखशिखांत काळ्या कपड्यात. नवरा गेला, गुडघे गेले, आता मुलीकडे शहरात राहायला जायचं म्हणून घर विकत होत्या. त्यांना ग्रीक सोडून काही येत नव्हतं आणि मला प्रश्न फार. भट्टीत काय भाजता? छपराला गळती आहे का? मांजर घराबरोबर मिळणार का? पिझ्झावाला इकडचं तिकडे, तिकडचं इकडे करून घामाघूम झाला. पाणी कुठून येतं हे तर मी दोनदा विचारलं. सगळी नोकरी मी सरकारी प्रयोगशाळेत पिण्याचं पाणी तपासण्यात घालवली. दुसऱ्याच्या घरी गेल्यावर लोक पडदे बघतात, मी नळ बघते. बाईंनी मला हाताला धरून खिडकीशी नेलं आणि वरच्या डोंगराकडे बोट दाखवलं. झऱ्याचं पाणी होतं.

खिडकीच्या कट्ट्यावर मी बसूनही पाहिलं. पाय दुमडून आरामात मावले. तिथून खालचा ऑलिव्हचा उतार दिसत होता. मी नवऱ्याकडे पाहिलं आणि त्याने ओळखलं की आता सुटका नाही.

मग बाई ट्रे घेऊन आल्या. प्रत्येकाला काचेची छोटी बशी, तिच्यात पाकातली संत्र्याची एक साल गुंडाळी करून ठेवलेली, चमचा, आणि उंच पेला भरून पाणी. आलेल्या माणसाला आधी गोड आणि पाणी द्यायचं ही त्यांची रीत, असं पिझ्झावाल्याने सांगितलं. मला मजा वाटली. हे तर आपलं गूळ-पाणी! आणि संत्र्याची साल? नागपूरच्या माणसाने जन्मभर जी फेकली ती! नवऱ्याला डायबेटिस, पण त्याने माझ्याकडे न बघता चमचा उचलला.

मी चमचा उचलणार एवढ्यात बाई माझ्यासमोर बसल्या आणि काहीतरी विचारलं. पिझ्झावाल्याने सांगितलं, "ती विचारतेय, तुम्ही कुणाच्या?"

"म्हणजे?"

"म्हणजे कुणाच्या. कुणाच्या घरातल्या."

मी चमचा खाली ठेवला. "सांग त्यांना, आम्ही अमेरिकन."

त्याने सांगितलं. बाईंनी मान डोलावली आणि तेच शब्द पुन्हा उच्चारले.

"ते ठीक आहे म्हणते. पण कुणाच्या?"

"मूळच्या इंडियाच्या," मी म्हणाले. आवाज बदललेला माझा मलाच ऐकू आला. बाईंनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तिसऱ्यांदा तेच विचारलं.

मला पुण्यातली एक खोली आठवली. आमचं नुकतंच लग्न झालं होतं, दोघांनाही नोकऱ्या होत्या आणि आम्ही भाड्याची जागा शोधत होतो. घरमालकीणबाईंनी कौतुकाने बसवलं, आत चहा ठेवला आणि बोलता बोलता विचारलं, "तुमच्याकडे गणपती किती दिवसांचा असतो?" नवरा सरळ माणूस. म्हणाला, "आमच्याकडे नसतो." बाई आत गेल्या. आत स्टोव्ह फरफरत होता, तो बंद झाल्याचं आम्हाला बाहेर ऐकू आलं. मग त्यांनी दारातूनच सांगितलं की खोली कालच कुणाला तरी दिली. त्यानंतर अमेरिकेचा अर्ज नवऱ्याने भरला, पण भरायला मी लावला.

क्रीटच्या त्या खोलीत मला तो स्टोव्ह बंद झालेला पुन्हा ऐकू आला. सात समुद्र ओलांडून, एका दगडी घरात, बुद्ध कोण नि गणपती कोण हे ज्यांना ठाऊक नाही त्या बाईही तेच विचारणार? मी उठले. उशीर होतोय म्हणाले. बाई काहीतरी बोलत दारापर्यंत आल्या, मी मागे पाहिलं नाही. माझी संत्र्याची साल बशीत तशीच गुंडाळून राहिली आणि पेला काठोकाठ भरलेला.

गाडीत बसल्यावर नवरा म्हणाला, "अगं, पाणी तर प्यायचं होतं ना."

श्रूजबरीला परत आल्यावर मी ते घर विसरायचा प्रयत्न केला आणि तो सपशेल फसला. भांडी घासताना खिडकी आठवे. आमच्या इथल्या खिडकीच्या कट्ट्यावर तर फोनसुद्धा धड राहत नाही. शेवटी मीच मनाची समजूत घातली, की बाई तर मुलीकडे जाणार, प्रश्नही त्यांच्याबरोबर जाईल, आणि भिंती काही विचारत नाहीत. नवऱ्याने पिझ्झावाल्याला कळवलं की मागितलेल्या किमतीत आम्ही घर घ्यायला तयार आहोत.

दोन दिवसांनी त्याचा फोन आला. नवऱ्याने स्पीकर लावला.

"ती तुम्हाला विकणार नाही म्हणते," पिझ्झावाला म्हणाला. "एक जर्मन जोडपं येतंय पुढच्या आठवड्यात, त्यांना देईन म्हणते."

"काय झालं?" नवऱ्याने विचारलं.

"तुमची बायको तिच्या घरचं पाणी प्यायली नाही. आजवर तिच्या घरून असं कुणी गेलेलं नाही म्हणते. तिला वाटतं, आपलं घर यांना स्वच्छ वाटलं नाही."

मी मटार सोलत होते. हातातली शेंग हातातच राहिली.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण दुसऱ्या बाजूला उभी राहून. बाबा मिलमध्ये होते. एकदा रविवारी ते मला घेऊन त्यांच्या जॉबरच्या, म्हणजे खात्यातल्या मुकादमाच्या, घरी गेले. आम्हाला पडवीच्या पायरीशी थांबवलं आणि पाणी मागितलं तर तांब्या उंच धरून ओंजळीत ओतलं. बाबांचा सदरा पुढून भिजला. आणि आमच्या घरी कुणीही आलं, पोस्टमन, मीटर बघणारा, शाळेतले मास्तर, की आई आधी गुळाचा खडा आणि पाण्याचा पेला पुढे ठेवी. मग दाराच्या चौकटीला टेकून बघत राही. काहीजण घटाघटा पीत. काहीजण म्हणत, "आत्ताच पिऊन आलो." ते गेले की आई तो भरलेला पेला उचलून मागे नेई आणि जास्वंदीला ओती. आमची जास्वंद फार फुलायची.

आणि मी, त्या आईची मुलगी, एका म्हाताऱ्या बाईच्या दारातून भरलेला पेला मागे ठेवून आले होते. मला लाज वाटली. नुसती लाज नव्हे, माझा मला संताप आला.

"मी त्याला सांगतो," नवरा फोनवर हात ठेवून म्हणाला, "की तू वॉटर लॅबमध्ये होतीस. टेस्ट केल्याशिवाय कुठलंच पाणी पीत नाहीस. प्रोफेशनल हॅबिट! पटेल तिला. सिंपल आहे ना यार."

"खबरदार," मी म्हणाले. झऱ्याच्या पाण्यावर आळ घ्यायचा? मी फोन ओढून घेतला आणि पिझ्झावाल्याला विचारलं, "माझ्या पेल्यातल्या पाण्याचं त्यांनी काय केलं?"

"काय?"

"मी गेल्यावर. ओतलं कुठे?"

त्याला मी वेडी वाटले असणार, पण त्याने विचारून सांगायचं कबूल केलं. संध्याकाळी त्याचा मेसेज आला. खिडकीत बेसिलची कुंडी आहे ना, त्यात.

मी त्याला लिहिलं, मला त्यांच्याशी बोलायचं आहे. घर देवोत न देवोत.

रविवारी सकाळी आम्ही स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलो. क्रीटमध्ये दुपार होती. बाहेर शेजाऱ्याचा लॉनमोअर घरघरत होता. मी नळाचं पाणी पेल्यात भरून घेतलं होतं आणि पाकातली साल कुठून आणणार, म्हणून फ्रिजमधला संत्र्याचा मार्मालेड बशीत काढला होता. नवरा त्या बशीकडे बघत होता. स्क्रीनवर आधी नुसतं कपाळ आणि एक डोळा आला, मग पिझ्झावाल्याने फोन मागे घेतला आणि बाई दिसल्या. त्या हसल्या नाहीत.

मी पिझ्झावाल्याला म्हणाले, "जसं बोलते तसं सांग. पदरचं घालू नकोस. आमच्या मुलखात, तुम्ही कुणाचे, हे माणूस खोली नाकारण्याआधी विचारतो. मला वाटलं, त्याही तेच करतायत. म्हणून मी उठले. घर स्वच्छ होतं. पाणी तसंच ठेवून जायला नको होतं, चुकलं माझं."

तो सांगत गेला. बाई ऐकत होत्या. मध्येच त्यांनी त्याला थांबवून काहीतरी पुन्हा विचारलं. मग त्या बोलल्या आणि तो हसायला लागला.

"ती म्हणते, घर द्यायचं नसेल तर कशाला कुणी विचारील? नाही म्हणून मोकळा होईल."

आता मला त्यांचं म्हणणं काढून घ्यायचंच होतं. "मग त्यांना कशाला हवंय?"

बाई बराच वेळ बोलल्या. त्यांचं म्हणणं असं होतं, की मी मुलीकडे निघून जाईन. मग आळी विचारेल, त्या घरात कोण राहायला आलं? मी काय सांगू, अमेरिकन? अमेरिकन लोकांच्या दारात कुणी अंडी ठेवून जात नाही. ते पडले झडले तर कुणी दार ठोठावत नाही. अमक्याची मुलगी आलीय म्हटलं की माणसं बघतात तरी.

मला हे पटलं, पण माझा तिखटपणा लगेच कुठे जातो? शेजारच्या अल्बेनियातून पोटासाठी आलेल्या मजुरांना ग्रीसमध्ये कमी लेखतात, हे मी ऐकून होते. मी विचारलं, "आणि एखादा अल्बेनियन मजूर घर घ्यायला आला तर त्यालाही विचारतील?"

"हे सांगायला नको," पिझ्झावाला म्हणाला.

"सांग."

त्याने नाइलाजाने सांगितलं. नवऱ्याने टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला. मला वाटलं, गेलं घर. मग बाई हळूहळू बोलल्या.

"म्हणते, गावात एक आहे. गवंडी. किती वर्षं झाली, इथेच आहे. ही भट्टी त्यानेच बांधली. त्याला आम्ही फक्त मजुरी विचारली, तो कुणाचा ते कधी विचारलं नाही, म्हणते." पिझ्झावाला जरा थांबला. "म्हणते, ते बरं नाही झालं."

त्या क्षणी मला त्या बाई आवडल्या. इतक्या साध्या शब्दांत स्वतःच्या गावाबद्दल असं बोललेलं मी क्वचितच ऐकलं आहे. श्रूजबरीत तर नाहीच, आणि खरं सांगायचं तर आमच्याही वस्तीत नाही.

त्यांनी पुन्हा विचारलं. या वेळी पिझ्झावाल्याने भाषांतर केलं नाही, मला ते शब्द पाठ झाले होते.

मी बाबांचं नाव सांगितलं. ते कापडाच्या मिलमध्ये मागावर होते असं सांगितलं. आई घरी विड्या वळायची, तिचं नाव सांगितलं. दोघंही आता नाहीत हेही सांगितलं. सांगताना माझ्या लक्षात आलं, की बाबांचं नाव मी कित्येक वर्षांत मोठ्याने उच्चारलेलंच नाही. शाळेत ते माझं मधलं नाव होतं. लग्न झालं आणि त्याच्या जागी नवऱ्याचं आलं. अमेरिकेत तर मधल्या नावाचं नुसतं एक अक्षर उरलं, तेही नवऱ्याचं. माझ्या कुठल्याच कागदावर आता बाबा नव्हते. मिलमध्ये त्यांना बिल्ल्याच्या नंबराने हाक मारत आणि जॉबर "ए" म्हणे. नाव घेऊन हाक मारणारी वस्तीतली माणसंही एकेक करून संपली होती.

बाईंनी ते नाव म्हणून पाहिलं. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदा जवळपास आलं. तिसऱ्यांदा त्यांनी शेवटी, ग्रीक पुरुषांच्या नावांना असतो तसा, एक "स" जोडून दिला आणि नाव त्यांच्या तोंडात नीट बसलं. मग त्यांनी माझ्या पेल्याकडे बोट दाखवलं.

मी प्यायले. श्रूजबरीच्या पाण्याला क्लोरीनचा किंचित वास येतो, मला तो जरा जास्तच कळतो. मी पेला खाली न ठेवता शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले आणि रिकामा करून कॅमेऱ्याला दाखवला. मार्मालेडची बशी नवऱ्याने तोपर्यंत स्वतःकडे ओढली होती.

बाई उठल्या. पिझ्झावाल्याच्या हातातला फोन त्यांच्यामागून गेला. छत दिसलं, भिंत दिसली, मग ती खिडकी आणि बेसिलची कुंडी. बाई कट्ट्यावर कोपरं टेकून खाली आळीत ओरडल्या. समोरून एका बाईचा आवाज आला. ह्या पुन्हा ओरडल्या. त्या सगळ्या ग्रीकमध्ये मला एकच शब्द कळत होता, शेवटी "स" लावलेला. तो दोनदा आला, मग समोरच्या आवाजानेही तो परत म्हटला.

माझे डोळे भरून आले. मी पिझ्झावाल्याला विचारलं, "काय म्हणतायत?"

"समोरची विचारतेय," तो म्हणाला, "त्याची मुलगी कधी येणार?"

नवऱ्यानेच सांगितलं, "सप्टेंबरमध्ये."